मॉनिटर बदलल्यावर गेम अडखळत असेल तर : दुकानात येण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

जुना मॉनिटर काढून नवा जोडला आणि कालपर्यंत सुरळीत चालणारा गेम झटके देऊ लागला, ही तक्रार घेऊन नाशिक शहरातूनच नव्हे, तर सिन्नर आणि ओझरहूनही ग्राहक आमच्याकडे कॅबिनेट आणतात. अनेकांनी त्याआधी विंडोज पुन्हा टाकून पाहिलेले असते आणि ग्राफिक्स कार्ड गेले असावे, अशी मनाची तयारीही केलेली असते. आमच्या टेबलावर मात्र तोच गेम नीट चालतो, कारण येथे केबल योग्य जागी लावली जाते.

चूक बहुधा तेथेच असते. कॅबिनेटच्या मागे यूएसबी आणि इंटरनेटच्या जोडण्यांजवळ, उभ्या पट्टीत असलेले एचडीएमआय पोर्ट मदरबोर्डचे असते. ग्राफिक्स कार्डाची पोर्ट त्याच्या खाली, आडव्या ओळीत असतात. टेबलामागे हात घालून चाचपडत केबल लावताना वरचे पोर्ट आधी हाताला लागते, शिवाय कार्डाच्या पोर्टवर काही वेळा प्लास्टिकची टोपणे असल्याने ती वापरायची नसावीत असाही समज होतो. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसेल, उदाहरणार्थ इंटेलच्या नावाअखेरीस ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये, तर पडदा काळा राहतो आणि चूक लगेच कळते. ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असते त्यांना चित्र व्यवस्थित दिसते, म्हणून केबलवर संशयच जात नाही. पण गेमचा भार त्या लहान ग्राफिक्सवर पडतो, किंवा कार्डाने तयार केलेले चित्र वळसा घेऊन मॉनिटरपर्यंत पोहोचते. संगणक बंद करून केबल खालच्या पोर्टमध्ये लावावी. डिस्प्लेपोर्टच्या, म्हणजे एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या प्रकारच्या जोडणीच्या, केबलला खटका असल्यास तो दाबूनच ती काढावी. ओढून काढल्याने पोर्ट सैल झालेली कार्डे आम्ही पाहिली आहेत.

केबल बरोबर असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले आणि ॲडव्हान्स्ड डिस्प्ले येथे जावे. मॉनिटर कोणत्या ग्राफिक्सला जोडला आहे हे तेथे दिसते आणि रिफ्रेश रेटही, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो हर्ट्झमध्ये मोजला जाणारा वेगही, तेथेच निवडता येतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन तो ६० वरच चालवणारे ग्राहक आम्हांला वरचेवर भेटतात. काही मॉनिटर पूर्ण वेग केवळ डिस्प्लेपोर्टवरच देतात, त्यामुळे सोबतची पुस्तिका पाहावी. गेमच्या आतही जुने रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातील बिंदूंची संख्या, आणि जुना वेग राहिलेला असू शकतो.

एक गोष्ट मात्र केबलने सुटणारी नाही. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख बिंदू असतात, २५६० बाय १४४० वर सुमारे ३७ लाख आणि फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. पडदा बदलला, पण कार्ड तेच राहिले, तर त्याच कार्डाला प्रत्येक चित्रासाठी कितीतरी अधिक काम करावे लागते. अशा वेळी प्रथम गेममधील रिझोल्यूशन किंवा चित्राची गुणवत्ता कमी करून पाहावी. नवे कार्ड घेण्याचा सल्ला आम्ही त्यानंतरच देतो, आणि तोही ग्राहकाचाच गेम आमच्याकडील कार्डावर चालवून दाखवल्यावर. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड वापरू देणारे सॉफ्टवेअर, नव्याने टाकल्यावर पहिल्या काही मिनिटांत येणारे झटके बहुधा आपोआप थांबतात, त्यासाठी धावपळ करू नये.

आम्ही फोनवर आधी कॅबिनेटच्या मागील बाजूचा फोटो मागतो, याचा काहींना राग येतो. तो टाळाटाळीचा प्रकार नाही. अनेक तक्रारी त्या एका फोटोवरच मिटतात आणि त्याचे आम्ही शुल्क घेत नाही. प्रत्यक्ष यायचेच असेल तर कॅबिनेटबरोबर नवा मॉनिटर आणि घरी वापरलेली तीच केबल आणावी. केवळ कॅबिनेट आणल्यास दोष येथे दिसत नाही, आणि तपासणीचे शुल्क देऊन ग्राहकाला तोच दोष घेऊन परतावे लागते. मॉनिटर आमच्याकडून घेतल्यास योग्य केबल निवडून देणे, ती जोडणे आणि वेग लावून देणे हे काम नाशिक शहरात घरी येऊन, त्याच किमतीत केले जाते.