कहिला तोमेखेत आणि सिऊद: दोन्ही एक नव्हेत

इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) नातेवाइकांचा विषय निघाला की ठाण्यात, अलिबागला हमखास ऐकू येतं, "तिकडे काय, म्हाताऱ्यांना सांभाळायला सरकारच बाई पाठवतं." बाई येते हे खरंच. पण त्याच दमात लोक कहिला तोमेखेत नावाच्या तिथल्या दुसऱ्याच सोयीलाही 'बाईची योजना' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही.

बाईची योजना म्हणजे सिऊद. कायदा १९८६ चा, अंमल १९८८ पासून. खर्च बितुआह लेउमीचा, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय विम्याचा. आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी ठरलेले तास मिळतात, उत्पन्नही बघतात. हे बहुतेकांना माहीत असतं.

कहिला तोमेखेत म्हणजे आपल्याच घरात राहून, दरमहा वर्गणी भरून घ्यायचं वस्तीतलं सदस्यत्व. 'अव कहिला' म्हणून एक माणूस नेमलेला असतो. नळ गळतोय, बल्ब गेलाय, आजी फोन उचलत नाहीत, अशा वेळी तो येतो. आंघोळ घालणं त्याचं काम नव्हे. शिवाय संकटात दाबायचं बटण, डॉक्टरची सोय आणि एकत्र कार्यक्रम.

खरा फरक पुढे आहे. सिऊदसाठी परावलंबन दिसावं लागतं. तपासणीला माणूस येतो तेव्हा कपडे स्वतः घालता येतात का, घरात चालता येतं का, हे बघतो. आपल्या आज्या मात्र पाहुणा आला म्हणून नीटनेटक्या होऊन स्वतः चहा करून पुढ्यात ठेवतात, आणि मग अर्ज नामंजूर होतो. कहिलाला अशी तपासणीच नाही. ती हिंडत्याफिरत्या माणसासाठीही आहे. तरीही तिकडे दिमोना, रामले अशा गावांतल्या मावशीला इथून फोनवर सांगतात, "अजून तशी वेळ आली नाही." सिऊदची वेळ आली नसेल, कहिलाची वेळ तीच असते. एकट्या बाईला न्हाणीघरात पाय घसरल्यावर बटण गळ्यात असावं लागतं, कपाटात अर्ज असून भागत नाही.

सिऊद नाकारलं म्हणून कहिला मिळत नाही, हा समज चुकीचा. एक मिळाली म्हणून दुसरी बंदही होत नाही. सिऊदची चौकशी बितुआह लेउमीकडे करा, कहिलाची नगरपालिकेच्या समाजकल्याण विभागात; उत्पन्न कमी असेल तर वर्गणीतल्या सवलतीचंही तिथेच विचारा. बटण मात्र दोन्हीकडून घेऊ नका. सिऊदमधून घेतलं तर बाईच्या तासांतून कापलं जातं.