सायलेन्सर धुण्याचे ‘घरगुती’ द्रावण निरुपद्रवी नाही

अमेरिकेत पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) बंदुकीचा सायलेन्सर, म्हणजे गोळीचा आवाज दाबणारी नळी, बाळगणाऱ्यांमध्ये एक नुस्खा वर्षानुवर्षे फिरतो आहे: पांढरा व्हिनेगर आणि ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड समप्रमाणात घ्या, नळीतल्या चकत्या त्यात बुडवा, गोळ्यांमुळे त्यांच्यावर साचलेले शिसे आपोआप सुटते. दोन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या, मग धोका कसला?

शिसे सुटते, हे खरे. पण ते नाहीसे होत नाही. पेरॉक्साइड शिशाचे ऑक्सिडीकरण करते, व्हिनेगरमधले ॲसिटिक आम्ल त्याला विरघळवते आणि तयार होते लेड ॲसिटेट, म्हणजे शिशाचा क्षार. धातूच्या थरापेक्षा हे क्षार कितीतरी घातक, कारण ते पाण्यात सहज विरघळतात, पोटातून लवकर शोषले जातात आणि काही प्रमाणात त्वचेतूनही शिरतात. चवीला ते गोड असतात, म्हणून लहान मुलांच्या घरात तर हे भांडे नकोच. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

वापरलेले द्रावण मोरीत ओतणे म्हणजे तेच विष पुढे ढकलणे. ते घट्ट झाकणाच्या बाटलीत, चिठ्ठी लावून, घातक कचरा संकलन केंद्रात द्यावे. ॲल्युमिनियमच्या चकत्या तर या द्रावणात खराब होतात.

मग साफ कसे करावे? आधी उत्पादकाची पुस्तिका वाचा. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे घाला, चकत्या ओल्या ठेवूनच खरवडा. कोरड्या ब्रशने उडणारी शिशाची धूळ थेट फुप्फुसात जाते. काम झाल्यावर हात धुवा आणि त्या कपड्यांनिशी मुलांना जवळ घेऊ नका.