थर्मोस्टॅट काढला की गाडी गरम होत नाही?

गाडी तापायला लागली की थर्मोस्टॅट काढून टाका हा सल्ला कोणीतरी देतोच, पण तो आजाराचा इलाज नाहीये हो. थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप, साधारण ८० ते ९० डिग्रीला तो उघडतो आणि मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, रेडिएटरकडे जातं, तो काढला तर इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, झीजही वाढते. हां, तो बंद अवस्थेत अडकला असेल तर गाडी तापणारच, पण मग नवीन टाका ना! बाकी बघायचं म्हणजे कूलंटची गळती, बंद पडलेला फॅन, चोंदलेला रेडिएटर, वॉटर पंप. टेम्परेचरचा काटा लाल खुणेकडे गेला की एसी बंद करा, बाजूला थांबून इंजिन बंद करा आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका, आत प्रेशर असतं, उकळतं कूलंट थेट तोंडावर उडतं.