वापरलेल्या खाद्यतेलावर घराची वीज आणि ऊब : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तळून काळपट झालेल्या तेलावर घरातील दिवे लागू शकतात, अंघोळीचे पाणी तापू शकते आणि थंडीत खोल्या उबदार राहू शकतात. अशी व्यवस्था बसवून देणे हा आमचा व्यवसाय आहे, आणि त्यासंबंधी वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळावीत म्हणून हे माहितीपत्रक तयार केले आहे. ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा इंजिनाविषयी असतो : कोणते घ्यावे, केवढे घ्यावे, आवाज किती होईल. आमचा पहिला प्रश्न मात्र तेलाविषयी असतो, कारण या व्यवस्थेचे यशापयश यंत्र घरी येण्याच्या बरेच आधी, तेल साठवलेल्या पिंपातच ठरलेले असते.

एका लिटरमधून काय मिळते

एक लिटर खाद्यतेल पूर्ण जळाले की सुमारे ९.५ युनिट, म्हणजे ९.५ किलोवॉट-तास, इतकी उष्णता मिळते. डिझेलच्या एका लिटरमागे हा आकडा १० च्या आसपास असतो; म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने वापरलेले तेल डिझेलपेक्षा थोडेसेच उणे पडते. परंतु लहान जनरेटर या उष्णतेपैकी साधारण चौथा हिस्साच विजेत बदलतो, त्यामुळे एका लिटरमागे सव्वादोन ते अडीच युनिट वीज हाती लागते आणि उरलेली ऊर्जा इंजिनाच्या गरम पाण्यातून व धुरातून बाहेर पडते. हीच बाहेर जाणारी उष्णता अडवून पाण्याच्या टाकीत साठवली, तर एका लिटरमागे आणखी सुमारे ४.५ युनिट उष्णता घराच्या कामी येते.

उदाहरणादाखल दिवसाला ८ युनिट वीज लागणारे घर घेऊ. त्यासाठी रोज सुमारे ३.५ लिटर, म्हणजे वर्षाला १,२५० लिटरहून थोडे अधिक, गाळलेले तेल लागेल. त्याच ३.५ लिटरमधून १५ युनिटच्या आसपास उष्णताही मिळेल. २०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवण्यास सुमारे ८ युनिट लागतात, हे लक्षात घेतले तर घरातील गरम पाण्याची गरज भागून काही उष्णता खोल्यांसाठीही उरते. म्हणूनच केवळ विजेसाठी ही व्यवस्था बसवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या घराला उष्णतेचीही गरज आहे त्याच घराला ती परवडते; ज्याला फक्त दिवे आणि पंखे चालवायचे आहेत त्याने सौर पटलांचा विचार करावा, आणि अशा ग्राहकांना आम्ही तसेच सांगतो.

हिशेब गाळलेल्या तेलाचा करावा, जमा केलेल्या तेलाचा नव्हे. पाणी, साका आणि घट्ट चरबी काढून टाकल्यावर जमा केलेल्या प्रत्येक पिंपात काही ना काही तूट येतेच. वापरलेले तेल वर्षभर नियमित मिळण्याची सोय असल्याखेरीज पुढे जाऊ नये. नवे, खाण्याजोगे तेल विकत आणून इंजिनात घालणे आम्हाला मान्य नाही.

तेल : पाणी, साका आणि खवटपणा

वापरलेल्या तेलाचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. तळताना पदार्थातले पाणी तेलात उतरते, तेलाचे डबे उघड्यावर राहिले तर पावसाचे उतरते, आणि अर्धवट भरलेल्या पिंपाच्या आतल्या भिंतींवर हवेतला दमटपणा थेंबाथेंबाने जमतो. हे पाणी डोळ्यांना दिसेलच असे नाही. तेल नितळ, सोनेरी दिसत असताना त्यात पाणी असू शकते, आणि डिझेल इंजिनाच्या इंधनपंपात ज्या भागांमध्ये जेमतेम २-३ मायक्रॉनची फट असते तेथे तेवढेसे पाणीही गंज धरवते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्या फटीची कल्पना यावी.

पाणी ओळखण्याची सर्वांत विश्वासाची परीक्षा अगदी साधी आहे. लोखंडी तवा चांगला तापवावा, डोळ्यांवर संरक्षक चष्मा घालावा आणि पिंपाच्या तळाजवळून काढलेले चमचाभर तेल त्यावर सोडावे. तेल निमूटपणे पसरून कडेला पातळ झाले तर ते कोरडे आहे. बारीक बुडबुडे येऊन क्षणात थांबले तर थोडे पाणी आहे. तडतड सुरू राहिली आणि थेंब उडू लागले तर ते पिंप परत निवळायला ठेवावे. नमुना वरच्या थरातून घेऊ नये. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि वरचे तेल नेहमीच कोरडे असल्याचा भास होतो.

पाणी काढण्यासाठी तेल ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवून २४ तास न हलवता ठेवावे आणि नंतर तळाच्या तोटीतून खालचा थर सोडून द्यावा. हे बहुतेक वेळा पुरेसे होते. घाईने तेल उकळून पाणी उडवण्याचा प्रयत्न मात्र कृपया करू नये. तेलाखाली अडकलेले पाणी एकाएकी वाफ झाले की त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि वरचे गरम तेल पिंपाबाहेर फेकले जाते.

पाण्यानंतर साका. जळालेल्या कणांचा हा गाळ एक-दोन आठवडे निवळू दिला तर बराचसा आपोआप खाली बसतो, आणि त्यानंतर गाळण्यांवर पडणारा भार इतका कमी होतो की हा वेळ वाचवणे शहाणपणाचे नाही. आम्ही प्रथम १०० मायक्रॉनची, मग २५ ची आणि शेवटी ५ मायक्रॉनची गाळणी वापरतो. इंजिनासाठी जाणारे तेल त्यापुढे आणखी एका बारीक फिल्टरमधून जाते. शेवटची गाळणी थंड तेलावरच वापरावी, कारण गरम तेलात विरघळलेली चरबी गाळणीतून सहज निघून जाते आणि थंडीच्या पहाटे टाकीत गोठून नळी बंद करते. पामतेल आणि खोबरेल यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली घट्ट होते, तर सूर्यफूल आणि सोयाबीन यांची तेले शून्याखालीही प्रवाही राहतात.

उलटपक्षी, जी तेले थंडीत प्रवाही राहतात तीच हवेशी संयोग पावून लवकर चिकट होतात. सूर्यफूल व सोयाबीन तेलाचा पातळ थर उन्हात ठेवला तर काही दिवसांत त्यावर रोगणासारखी साय धरते. हीच क्रिया टाकीत आणि इंजिनात हळूहळू घडत असते. म्हणून तेल काठोकाठ भरलेल्या, घट्ट झाकणाच्या पिंपात, अंधारात ठेवावे आणि साधारण सहा महिन्यांत वापरून टाकावे. तांबे आणि पितळ ही क्रिया वेगाने घडवून आणतात, तर जस्ताचा थर तेलातील आम्लांमुळे विरघळून साबणासारखा चिकटा तयार होतो. त्यामुळे आमच्या जोडणीत या तिन्ही धातूंना जागा नाही. आम्ही पोलाद, स्टेनलेस स्टील, ॲल्युमिनियम आणि जाड पॉलिथिलिनची पिंपे वापरतो.

खवटपणा मोजण्यासाठी १ मिलिलिटर तेल १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळावे, त्यात फेनॉल्फथॅलिनचे (आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब टाकावे आणि १ लिटर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवून केलेले द्रावण थेंबाथेंबाने सोडत जावे. टिकून राहणारा गुलाबी रंग येईपर्यंत जितके मिलिलिटर लागतील तितका तेलाचा खवटपणा समजावा. ३ पर्यंतचे तेल आम्ही इंजिनाला देतो आणि त्याहून खवट तेल बर्नरसाठी बाजूला काढतो.

वीज : इंजिन आणि जनरेटर

१९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. तेल जळते की नाही, हा प्रश्न तेव्हाच मिटला आहे. अडचण येते ती दाटपणाची. ४० अंशांवर खाद्यतेल डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते. थंड तेल नोझलमधून धुक्यासारखे न फवारता धारेसारखे पडते, अर्धवट जळते आणि इंजेक्टरच्या टोकावर, पिस्टनच्या रिंगांत काजळी साठवते. तेल ८० अंशांपर्यंत तापवले की त्याचा दाटपणा जवळजवळ एक तृतीयांशावर येतो, आणि मग ते बऱ्यापैकी फवारले जाते.

यासाठी आम्ही दोन टाक्यांची जोडणी करतो. इंजिन डिझेलवर सुरू होते, त्याचे पाणी ७० ते ८० अंशांपर्यंत तापले की त्याच पाण्याने दुसऱ्या टाकीतले तेल तापते आणि मगच झडप तेलाकडे वळवली जाते. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे इंजिन पुन्हा डिझेलवर चालवून पंप आणि नोझल धुऊन निघू द्यावे लागतात. हा शेवटचा भाग विसरला गेला तर दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू होणार नाही, इतके ते महत्त्वाचे आहे. म्हणून आम्ही ते बंद करण्याच्या बटणाशीच जोडून दिले आहे.

मंदगती, मजबूत इंजिने या कामाला उत्तम. लिस्टर या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या धर्तीचे, एका सिलिंडरचे, मिनिटाला ६५० फेरे घेणारे ६ अश्वशक्तीचे इंजिन सुमारे ३ किलोवॉटचा जनरेटर आरामात फिरवते. आधुनिक, अतिउच्च दाबाच्या इंधनप्रणालीची इंजिने या तेलावर चालवण्याचे काम आम्ही स्वीकारत नाही.

इंजिन दिवसभर हलक्या भारावर फिरत ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कमी भारावर सिलिंडर पुरेसा तापत नाही आणि काजळी झपाट्याने वाढते. त्याऐवजी रोज तीन-साडेतीन तास जवळजवळ पूर्ण भारावर चालवून बॅटऱ्या भरून घ्याव्यात, आणि उरलेला दिवस इन्व्हर्टरवर काढावा. त्याच तीन तासांत पाण्याची टाकीही तापते.

वंगणतेलाविषयी आमचा स्वतःचा अनुभव सांगणे योग्य ठरेल. आमच्या कार्यशाळेतील पहिल्या इंजिनाचे वंगणतेल आम्ही डिझेलच्याच वेळापत्रकाने बदलत होतो. रिंगांमधून खाली उतरणारे डिझेल उष्णतेने बरेचसे उडून जाते. खाद्यतेल उडत नाही, ते वंगणात राहते आणि घट्ट होत जाते. एके दिवशी तळाचा बोल्ट सोडला तेव्हा तेल बाहेर आलेच नाही. काडी घालून पाहिले तर आत मधासारखा, तुटक तारा धरणारा गोळा होता आणि बेअरिंग निकामी झाले होते. तेव्हापासून आम्ही डिझेलच्या वेळापत्रकापेक्षा निम्मेच तास इंजिन चालल्यावर वंगण बदलतो, आणि दर आठवड्याला डिपस्टिकवरचा एक थेंब दोन बोटांत घेऊन तो नेहमीपेक्षा दाट तर लागत नाही ना, हे पाहण्यास ग्राहकांना सांगतो.

ऊब : बर्नर आणि बॉयलर

ज्यांना फक्त उष्णता हवी आहे त्यांच्यासाठी बर्नर अधिक सोपा, कमी नाजूक आणि अधिक काटकसरीचा आहे. चांगला बॉयलर एका लिटरमधून ७.५ युनिटपर्यंत उपयुक्त उष्णता देतो. वर्षाला १५,००० युनिट उष्णता लागणाऱ्या थंड प्रदेशातील घराला त्या हिशेबाने सुमारे २,००० लिटर तेल पुरते.

साध्या बर्नरमध्ये तेल बारीक छिद्रातून दाबाने सोडतात आणि ते छिद्र वापरलेल्या तेलाने तुंबते. रॉबर्ट बॅबिंग्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा बर्नर ही अडचण उलट बाजूने सोडवतो. त्यात एका पोकळ गोळ्यावरून तेलाचा पातळ पापुद्रा सतत ओघळत असतो आणि गोळ्याच्या आतून दाबाने येणारी हवा बारीक छिद्रातून बाहेर पडताना तो पापुद्रा फोडून त्याचे धुके करते. छिद्रातून फक्त हवाच जात असल्याने तेलातील कणांनी ते तुंबत नाही, आणि न फवारलेले तेल खाली गोळा होऊन पुन्हा टाकीत जाते. ज्वाला नीट बसली की ती स्वच्छ पिवळी-पांढरी दिसते, आणि धुराड्यातून धूर दिसत नाही. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला तर तेल अर्धवट जळत आहे असे समजून बर्नर ताबडतोब बंद करावा. तो वास ॲक्रोलीन नावाच्या त्रासदायक वायूचा असतो. उघड्या भांड्यात तेल ठिबकवून जाळण्याच्या घरगुती शेगड्या आम्ही घरात बसवत नाही, कारण देखरेख नसताना त्यांची ज्वाला आपोआप विझण्याची सोय त्यांत नसते.

सुरक्षितता

इंजिन घराच्या आत कधीही चालवू नये, आणि बॉयलर असलेल्या खोलीत व झोपण्याच्या खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असावे. हा वायू वासावरून कळत नाही. वीजमंडळाची जोडणी असलेल्या घरात चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी वीजमंडळ किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा) अनिवार्य आहे, अन्यथा आपली वीज उलट तारेत जाऊन तेथे काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. स्थानिक परवानग्या आणि विम्याच्या अटी काम सुरू होण्यापूर्वीच तपासाव्यात.

तेलाचे पिंप सहजासहजी पेट घेत नाही. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग मात्र आपोआप पेटू शकतो, कारण तेलाची हवेशी होणारी क्रिया उष्णता निर्माण करते आणि ढिगाच्या मध्यातून ती बाहेर पडू शकत नाही. अशा चिंध्या वेगवेगळ्या पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात. फरशीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकला असेल तर त्यालाही हाच नियम लागू करावा.

पहिल्या भेटीस येताना पिंपाच्या तळाजवळून काढलेले एक लिटर तेल स्वच्छ, कोरड्या बाटलीत आणावे, मागील वर्षाची विजेची बिले सोबत ठेवावीत आणि महिन्याला किती तेल मिळू शकते याचा अंदाज लिहून आणावा. तव्याची आणि खवटपणाची परीक्षा आम्ही आपल्यासमोरच करतो, आणि तेल कोरडे व नियमित मिळणारे असल्याची खात्री पटल्यावरच यंत्राचा विषय काढतो.