एक्सपान्शनचा पहिला आठवडा: खेळाडूंचं मत कशातून बनतं?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमचं नवं एक्सपान्शन (जुन्या गेमला जोडलेला नवा मोठा भाग) आलं की सांगली-मिरजेतल्या खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर दोन दिवसांत निकाल लागून मोकळा होतो. ‘स्टोरी बोअर आहे’, ‘लॅग फार मारतोय’, ‘मागच्यापेक्षा लय भारी’. यातलं कुठलंही मत खोटं नसतं. पण ते नेमकं कशाबद्दल आहे, हे विचारलं तर बोलणारा अडखळतो. पहिल्या आठवड्यात तीन निरनिराळ्या गोष्टी अनुभवाला येतात: आत शिरताना किती त्रास झाला, लेव्हल वाढवण्याचा रस्ता कसा होता, आणि कमाल लेव्हल गाठल्यावर करायला काय उरलं. पहिली गोष्ट तासाभरात कळते, दुसरी चार-सहा दिवसांत, तिसरी कळायला दोन-तीन महिने जातात. मत मात्र तिन्हींवर एकदमच दिलं जातं. ही घाई आली कुठून, ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

एव्हरक्वेस्ट हा असाच एक गेम मार्च १९९९ मध्ये सुरू झाला आणि एप्रिल २००० मध्ये त्याचं पहिलं एक्सपान्शन ‘द रुइन्स ऑफ कुनार्क’ आलं. लेव्हलची मर्यादा ५० वरून ६० झाली, इक्सार ही सरड्यासारखी नवी जमात आली, एक अख्खा खंड वाढला. त्या काळी एकेक लेव्हल चढायलाच इतके दिवस लागत की पहिल्या आठवड्यात एक्सपान्शनचा शेवट कुणी बघणं शक्यच नव्हतं. बोलणं व्हायचं ते नकाशांबद्दल, नव्या डंजनबद्दल (राक्षसांनी भरलेल्या भुयारांबद्दल), कुठला राक्षस एकट्याने मारता येतो याबद्दल. मत हळूहळू पिकायचं.

हे चित्र पालटलं १६ जानेवारी २००७ ला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं ‘द बर्निंग क्रुसेड’ बाजारात आलं आणि पहिल्या २४ तासांत २४ लाख प्रती खपल्या. ६० ची मर्यादा ७० वर गेली. डार्क पोर्टल या नव्या जगाच्या दारातून सगळेच्या सगळे एकाच वेळी हेलफायर पेनिन्सुला या एकाच झोनमध्ये (नकाशाच्या भागात) उतरले. मारायला सांगितलेली रानडुकरं कमी आणि मारणारे शेकड्यांनी, अशी अवस्था. त्याहून मोठा धक्का बॅगेत होता. चाळीस जणांच्या रेडमध्ये (मोठ्या राक्षसांवरच्या सामूहिक मोहिमेत) महिनोन् महिने रात्री घालवून मिळवलेली जांभळी, वरच्या दर्जाची शस्त्रं हेलफायरच्या साध्या क्वेस्टमधून (नेमून दिलेल्या कामगिरीतून) मिळणाऱ्या हिरव्या, साध्या दर्जाच्या वस्तूंपुढे फिकी पडू लागली. नवा माणूस खूश, जुना चिडलेला, आणि दोघांची मतं एकाच एक्सपान्शनबद्दल. एकाच दिवशीची दोन टोकाची मतं एकत्र वाचताना आधी हे बघावं की बोलणारा जुन्या काळातून काय घेऊन आत गेला होता.

गिल्डचं, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांच्या टोळीचं, गणितही तिथेच बिघडलं. रेड ४० जणांवरून २५ वर आल्या, म्हणजे पंधरा माणसं बाकावर. शिवाय पहिली रेड, कराझान, फक्त १० जणांची. पंचवीस जणांच्या गिल्डने दहा-दहाचे दोन गट केले की पाच उरतात, आणि त्या पाचांतून दहाचा तिसरा गट उभाच राहत नाही. चांगली जुळलेली गिल्ड या भागाकारावर फुटली. ‘बर्निंग क्रुसेडने मजा घालवली’ असं तेव्हा म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची तक्रार खरं तर मित्रमंडळ विखुरल्याची होती.

आपल्याकडे तेव्हा अडचण वेगळीच होती. सायबर कॅफेत लॅनवर चालणाऱ्या गोळीबाराच्या गेमचं राज्य होतं. घरच्या २५६ केबीपीएसच्या कनेक्शनवर १ जीबी उतरवायला सुमारे नऊ तास लागायचे. काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ हे तास मोफत असत, म्हणून डाउनलोड त्याच वेळेत लावायचं. २ एमबीपीएसचा पूर्ण वेग मिळाला तरी त्या सहा तासांत साडेपाच जीबीच्या आतच गाडी थांबायची, आणि मध्येच भारनियमन आलं की पुढचा हप्ता दुसऱ्या रात्री. त्यामुळे इथला खेळाडू एक्सपान्शनमध्ये पोचेपर्यंत बाहेरच्या जगाचं मत ठरून गेलेलं असे. स्वतःचं मत बनण्याआधी दुसऱ्याचं ऐकायची सवय इथल्या जुन्या खेळाडूंना लागली ती अशी, आणि नेट वेगवान झालं तरी ती पुरती गेलेली नाही.

गर्दीचा प्रश्न गेम बनवणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने सोडवला, मध्येमध्ये पुन्हा ओढवूनही घेतला. वॉरक्राफ्टच्याच नोव्हेंबर २००८ च्या ‘रॅथ ऑफ द लिच किंग’मध्ये सुरुवातीला दोन झोन दिले, हाउलिंग फ्योर्ड आणि बोरियन टुंड्रा, म्हणून लोंढा दुभंगला. १३ नोव्हेंबर २०१४ च्या ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’मध्ये पुन्हा सगळ्यांना एकाच वाटेने नेऊन गॅरिसन नावाचा स्वतःचा तळ उभारायला लावला. तळ उभा करण्याची ती एक क्वेस्ट म्हणजे सगळ्यांना अडवणारं अरुंद तोंडच ठरली. त्यात बाहेरून सर्व्हरवर हल्ले झाले. तासन् तास रांगा लागल्या आणि कंपनीने वर्गणीदारांना पाच दिवस मोफत दिले. ३० ऑगस्ट २०१६ च्या ‘लीजन’मध्ये यातून धडा घेतलेला दिसतो. चार झोन, कुठल्याही क्रमाने करा, शत्रूची लेव्हल तुमच्याप्रमाणे बदलते, आणि एकाच झोनच्या अनेक प्रती चालवून गर्दी वाटून दिलेली. लीजनची सुरुवात गुळगुळीत झाली यामागे कथेपेक्षा या रचनेचा हात मोठा होता.

तरी अडायचं ते साध्या गोष्टीवर अडतंच. २८ नोव्हेंबर २०२२ ला ‘ड्रॅगनफ्लाइट’ उघडलं तेव्हा नव्या बेटांवर नेणारं जहाज नीट येईना आणि धक्क्यावर शेकडो पात्रं ताटकळत राहिली. भारतात तेव्हा २९ तारखेच्या पहाटेचे साडेचार वाजले होते.

फायनल फॅन्टसी १४ या दुसऱ्या गेमची गोष्ट याहून शिकवणारी आहे, कारण तिथे कथा ओळीने पुढे सरकते आणि एक क्वेस्ट अडली की सगळंच अडतं. जून २०१७ मध्ये त्याच्या ‘स्टॉर्मब्लड’ या एक्सपान्शनच्या अर्ली ॲक्सेसमध्ये (काहींना मिळालेल्या लवकर प्रवेशात) कथेतली एक क्वेस्ट एकट्याने लढायच्या लढाईत नेत होती. अशी प्रत्येक लढाई सर्व्हरवर वेगळी जागा मागते आणि त्या जागा संपल्या. खेळाडू त्या पात्रासमोर शिस्तीत एकामागे एक रांग लावून उभे राहिले, आपला नंबर आला की क्लिक करून बघायचे.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘एंडवॉकर’ला अडचण दारातच आली. लॉगिनच्या रांगेत एका वेळी १७,००० च्या वर माणसं झाली की पुढच्याला एरर २००२ येऊन गेम बंद व्हायचा. रांगेत असताना कनेक्शन तुटलं आणि थोड्या वेळात परत आलात तर जागा राहायची, उशीर झाला की शेपटाला. कंपनीने आधी सात दिवस, मग आणखी चौदा दिवस मोफत दिले, आणि गेमची विक्रीच थांबवली. ती पुन्हा सुरू झाली २५ जानेवारी २०२२ ला. विशेष हे की ‘एंडवॉकर’ची पहिली मतं तरीही उत्तम होती, कारण आत पोचल्यावर कथेने भरपाई केली. रांगेचा राग आणि कथेचं कौतुक लोकांनी वेगळं ठेवलं. एवढी समज क्वचितच दिसते.

याच रांगेसाठी इथल्या खेळाडूला एक वस्तू खरंच उपयोगी पडते: राउटरला लावायचा १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस. पावसाळ्यात महावितरणची वीज दोन सेकंद जरी गेली तरी राउटर पुन्हा चालू होऊन लाइन यायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि तेवढ्यात रांगेतली जागा जाऊ शकते. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या राउटरला १ अँपिअरचा यूपीएस लावला की तो मध्येच बंद पडतो. आणि केबलवाल्याच्या गल्लीतल्या पेटीला बॅकअप नसेल तर घरचा यूपीएस असून नसून सारखाच, तेव्हा आधी त्याला विचारा.

आता पिंगचा, म्हणजे डेटाला सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचा मुद्दा, कारण भारतातून दिल्या जाणाऱ्या पहिल्या मतांत तो सगळ्यात जास्त मिसळलेला असतो. वॉरक्राफ्ट आणि फायनल फॅन्टसी या दोन्ही गेमचे सर्व्हर भारतात नाहीत. आपला डेटा मुंबईहून समुद्राखालच्या केबलने युरोपात जातो आणि परत येतो. लाइन चांगली असेल तर १५० मिलिसेकंदांच्या आसपास, नाहीतर २०० च्या पुढे. फायनल फॅन्टसीत मुख्य वार साधारण अडीच सेकंदांनी करता येतो, आणि दोन वारांच्या मध्ये दोन छोट्या क्षमता बसवायच्या असतात. प्रत्येक कृतीनंतर पात्र सुमारे ०.६ सेकंद अडकून राहतं आणि त्यात तुमचं पिंग मिळतं. १८० मिलिसेकंद असेल तर तीन कृतींना ३ × ०.७८, म्हणजे २.३४ सेकंद. बसलं. २५० झालं की ३ × ०.८५, म्हणजे २.५५ सेकंद. पुढचा वार उशिरा पडला, आणि दर वेळी तसाच पडत राहणार. नवा जॉब (पात्राचा लढण्याचा पेशा) ‘जड वाटतो’ असं सांगणारा माणूस अनेकदा हे ०.०५ सेकंद सांगत असतो.

वॉरक्राफ्ट याबाबतीत जरा दयाळू आहे. तिथे स्पेल क्यू विंडो नावाची सेटिंग मुळातच ४०० मिलिसेकंदांवर असते, म्हणजे आधीचा मंत्र संपायच्या ४०० मिलिसेकंद आधी पुढचं बटण दाबलं तरी ते धरलं जातं. युरोपातले कमी पिंगवाले हा आकडा खाली आणायचा सल्ला देतात. आपण तो ऐकू नये. १८० पिंगवर तो १०० केला की बटणं वाया जातात आणि दोष पात्राच्या नव्या टॅलेंटवर (निवडलेल्या खास क्षमतांवर) येतो.

केबल तुटली तर गणितच वेगळं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात काही केबलना इजा झाली, सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा. असं झालं की डेटा लांबच्या वाटेने फिरतो. त्या दिवसांत कुणी नव्या रेडबद्दल लिहिलं असेल तर तारीख बघितल्याशिवाय ते मत धरू नये.

पैशाचा भाग थोडक्यात. युरोपीय सर्व्हरवर वॉरक्राफ्टची महिन्याची वर्गणी युरोत, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा अधिभार. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला वेगळी मंजुरी लागू लागली आणि अनेक परदेशी वर्गण्या अचानक बंद पडल्या. एक महिन्याचेच पैसे भरून आत गेलेला माणूस तेवढ्यात जेवढं दिसेल त्यावरच बोलणार. गिल्ड वॉर्स २ या तिसऱ्या गेमला वर्गणीच नाही, म्हणून त्याबद्दलची इथली मतं जास्त शांतपणे बनतात.

२०२४ मध्ये आणखी एक फाटा फुटला. वॉरक्राफ्टने ‘द वॉर विदिन’ची महाग आवृत्ती घेणाऱ्यांना २२ ऑगस्टपासूनच आत सोडलं, बाकीच्यांना २६ ऑगस्टला, म्हणजे आपल्याकडे २७ तारखेच्या पहाटे साडेतीनला, दहीहंडीच्या दिवशी. इतर खेळाडू लॉगिन करेपर्यंत पहिली मतं चार दिवस जुनी झालेली. गर्दी वाटली गेली हा फायदा झाला. पण पहिल्या दिवसाचा सगळ्यांचा मिळून एक अनुभव असायचा, तो गेला. हा तोटा मोठा आहे.

तिसरी गोष्ट, म्हणजे नंतर काय उरतं, ती पहिल्या मताला कशी उलटवते याची दोन उदाहरणं वॉरक्राफ्टमध्येच आहेत. ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’चा लेव्हल वाढवण्याचा रस्ता लोकांना मनापासून आवडला होता आणि वर्गणीदार एक कोटीवर गेले. मग सगळे आपापल्या गॅरिसनमध्ये बसून राहिले. मार्च २०१५ अखेर आकडा ७१ लाख, जूनअखेर ५६ लाख, आणि त्याच वर्षी कंपनीने आकडे जाहीर करणंच बंद केलं. ‘शॅडोलँड्स’ नोव्हेंबर २०२० मध्ये पहिल्या दिवशी ३७ लाख खपलं. पहिल्या आठवड्यात कौतुकच कौतुक. कोव्हेनंट (पात्राला खास शक्ती देणारा गट) निवडल्यावर ते बदलणं जिकिरीचं आहे, हे रेड आणि डंजन दोन्ही करणाऱ्यांना पुढच्या महिन्यांत टोचलं. पुढचा मोठा पॅच (गेममध्ये भर घालणारं अपडेट) २९ जून २०२१ ला आला, म्हणजे सात महिन्यांनी, आणि कोव्हेनंटची अट सैल झाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये.

उलटं झालं गिल्ड वॉर्स २ च्या ‘हार्ट ऑफ थॉर्न्स’बाबत, २३ ऑक्टोबर २०१५ ला. लेव्हल ८० चीच राहिली, जुनी हत्यारंही चालत होती, पण जंगलातले नकाशे तीन-तीन मजली. टँगल्ड डेप्थ्समध्ये ठिकाण नकाशावर समोर दिसायचं आणि प्रत्यक्षात ते दोन मजले खाली असायचं. नवं एलिट स्पेशलायझेशन (पात्राची लढण्याची नवी खास शैली) पूर्ण करायला ४०० हिरो पॉइंट लागत, ओरड झाल्यावर थोड्याच दिवसांत ते २५० केले. ग्लायडिंगच्या (हवेत तरंगत जाण्याच्या) मास्टरी, म्हणजे खेळून कमवायची कौशल्यं, मिळाल्याशिवाय हे नकाशे खुलतच नाहीत, आणि त्या पहिल्या आठवड्यात कुणाकडेच पुरेशा नव्हत्या. आज हेच नकाशे त्या गेममधले सर्वोत्तम म्हणून अनेक जुने खेळाडू नव्यांना दाखवायला नेतात.

म्हणून ग्रुपवर कुणी नव्या एक्सपान्शनबद्दल लिहिलं की त्याला चार गोष्टी विचाराव्यात: कुठला सर्व्हर, पिंग किती, लेव्हल किती झाली, आणि आधीचं एक्सपान्शन शेवटपर्यंत खेळला होतास का. लेव्हल अजून अर्ध्यावर असेल तर रेडबद्दलचं त्याचं म्हणणं बाजूला ठेवा, पण रस्त्याबद्दल जे सांगेल ते नीट ऐकून घ्या. ते तेव्हाच ताजं असतं, महिन्याभराने त्यालाही आठवत नाही.