टीव्ही बंद ठेवला की टीआरपी पडतो?

‘नावडती मालिका लागली की टीव्ही बंद करा, टीआरपी पडेल,’ हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. आपण काय बघतो ते सेट-टॉप बॉक्स कळवतो, असं वाटणं साहजिक आहे, तो बॉक्स घरोघरी असतो. पण टीआरपी त्या बॉक्सवरून काढत नाहीत. देशभरातल्या ५० हजारांहून अधिक निवडक घरांत वेगळं मीटर असतं. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ते ओळखतं. बघायला बसणारा प्रत्येक जण आपलं बटण दाबतो, त्यामुळे वय, स्त्री की पुरुष हेही कळतं. जाहिरातदाराला खरं तर तेच हवं असतं.

पडताळायचं तर शिवाजी पेठेतल्या कुठल्याही गच्चीवरची डिश बघा: ती सिग्नल फक्त घेते, परत पाठवत नाही. इंटरनेट जोडलेला स्मार्ट टीव्ही मात्र माहिती पाठवू शकतो. त्याच्या सेटिंगमधली परवानगी जरूर तपासा.