ब्लूज गायिकांचे समलिंगी जीवन

ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा सुखदुःखे मांडणारा गायनप्रकार. तो गाणाऱ्या कृष्णवर्णीय गायिकांच्या पहिल्या पिढीत मा रेनी, बेसी स्मिथ, एथेल वॉटर्स, अल्बर्टा हंटर यांसारख्या अनेकींचे स्त्रियांशी प्रेमसंबंध होते. बहुतेकींची लग्नेही झालेली होती. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही वेगळे दिसत नसे; नाटक कंपनीतल्या माणसांना मात्र सगळे ठाऊक असे.

मा रेनीने (१८८६–१९३९) १९२८ मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेले ‘प्रूव्ह इट ऑन मी ब्लूज’ हे गाणे या झाकल्या मुठीचा सर्वांत बोलका नमुना आहे. काल रात्री मैत्रिणींच्या घोळक्यात होते, पुरुष मला आवडत नाहीत, असे ती गाते आणि वर आव्हान देते : लोक बोलतात, पण मला पकडले कुणी? कंपनीने काढलेल्या जाहिरातीत तर पुरुषी हॅट, कोट आणि टाय घातलेली रेनी रस्त्यावर दोन तरुणींशी बोलत उभी आहे आणि थोड्या अंतरावरून पोलीस तिच्यावर नजर ठेवून आहे. म्हणजे ज्या गोष्टीची कुजबूज व्हायची, तिच्यावरच कंपनी तबकड्या खपवत होती. १९२५ मध्ये शिकागोत बायकांच्या एका मेजवानीवर धाड पडून रेनीला अटक झाली आणि बेसीने तिला जामिनावर सोडवले, असेही सांगतात.

दौऱ्यावरच्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या हॉटेलांत जागा मिळत नसे. त्यांची सोय ‘बफे फ्लॅट’ नावाच्या खाजगी घरांत होई. तिथे मुक्काम, दारू, जुगार आणि सर्व प्रकारची शय्यासोबत मिळे. बेसीने अशा घरावर गाणेही गायले आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत ग्लॅडिस बेंटली या गायिकेने (१९०७–१९६०) तर आडपडदाच ठेवला नाही. पांढरा टक्सिडो (पुरुषांचा समारंभी सूट), उंच टोपी आणि पियानोवर स्वतःच रचलेले चावट शब्द हा तिचा खाक्या. पण १९५२ मध्ये, समलिंगींना नोकऱ्यांतून काढले जात असताना, ‘एबनी’ या कृष्णवर्णीयांच्या मासिकातल्या लेखात तिने आपण पुन्हा ‘स्त्री’ झाल्याचे, म्हणजे समलिंगी जीवन सोडल्याचे, जाहीर केले. तो मजकूर मनापासूनचा मानणे अवघड आहे.

हंटरचा मार्ग नेमका उलटा. लॉटी टायलर या स्त्रीशी तिचे अनेक वर्षांचे नाते होते, पण त्याबद्दल ती जाहीरपणे बोलली नाही. मधली वीस वर्षे परिचारिकेची नोकरी करून १९७७ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये पुन्हा गाऊ लागली. तेव्हा तिने ऐंशी ओलांडली होती.